‘असंच’ जाऊन येऊ

बुवापाड्याहून, आपल्या अंबरनाथमधून, तुमची बचत गटाची समन्वयक ताई बोलतेय. मागच्या वेळी आपण कर्जाच्या परतफेडीबद्दल बोललो होतो. आज हप्ता नाही, व्याज नाही, फॉर्म नाही. आज मी फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहे. नवरा-बायकोनं, दोघांनीच, सुट्टीच्या दिवशी फिरायला जाण्याबद्दल.

हसलात ना? माझ्या सासूबाईसुद्धा अशाच हसल्या होत्या. पहिल्यांदा आम्ही दोघं रविवारी सकाळी तयार झालो, तेव्हा त्यांनी विचारलं, “कुणाकडे काय कार्य आहे?” मी म्हटलं, “काही नाही आई, असंच.” त्या म्हणाल्या, “असंच म्हणजे?” मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे दोघं एकत्र घराबाहेर पडतात ते लग्नाला, बारशाला, दहाव्याला, दवाखान्यात, नाहीतर देवाला. ‘असंच’ कुणी जात नाही.

हे माझ्या डोक्यात आलं कसं, ते आधी सांगते. पूर्वेला एक निवृत्त बाई राहतात. आमच्या गटाचे हिशोब तपासायला त्या मदत करतात. त्यांची मुलगी नि जावई नोकरीसाठी सिंगापूरला असतात. एकदा त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवले. ती दोघं दर दोन महिन्यांनी शनिवारी बस पकडतात, सीमा ओलांडून मलेशियात जातात आणि मलाक्का नावाच्या जुन्या शहरात एक रात्र राहून रविवारी परत येतात. चार-पाच तासांचा रस्ता. नदीकाठी जुनी घरं, डचांच्या वेळच्या लाल रंगाच्या इमारती, शनिवार-रविवार संध्याकाळी भरणारा रस्त्यावरचा बाजार. आधी पोर्तुगीज आले, मग डच, मग इंग्रज. आपल्या वसईतही पोर्तुगीज होतेच की. २००८ मध्ये युनेस्कोनं या शहराचं नाव जागतिक वारसा यादीत घातलं.

मी बाईंना विचारलं, “एकदा बघून झालं, मग पुन्हा पुन्हा तिथेच कशाला?” त्या म्हणाल्या, “मुलगी म्हणते, आई, शहर बघायला नाही गं जात. आठवडाभर आम्ही एका घरात राहतो, पण एकमेकांना भेटत नाही. तिथे जाऊन भेटतो.”

मी मनात म्हटलं, बरं आहे, ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांना भेटायला मलाक्का आहे. आणि विषय तिथेच सोडला.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला अवघड वाटतंय. पण ज्यांची ही गोष्ट आहे त्या ताईंना विचारूनच सांगते. नाव मात्र घेणार नाही.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. त्यांचे मालक उल्हासनगरला जीन्स शिवायला जातात. नगावर मजुरी. दिवाळीनंतरच्या बैठकीत या ताईंनी हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. मी वही उघडली, विचारलं, “कारण काय लिहू?” त्या हळूच म्हणाल्या, “यांना घेऊन मुंबईला जायचंय. समुद्र बघायला.” सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. वर मोठ्या शहाणपणानं म्हणाले, “ताई, गटाचं कर्ज औषधाला, फीला, धंद्याला असतं. फिरायला नसतं.” त्या म्हणाल्या, “राहू दे मग.” मी वहीत ती मागणी लिहिलीसुद्धा नाही.

आपली पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. कर्ज द्यायचं की नाही हे गटातल्या सगळ्या मिळून ठरवतात. समन्वयकानं ठरवायचं नसतं. मी त्या दिवशी बैठकीचा निर्णय माझ्या तोंडानं दिला आणि लेखे अपुरे ठेवले. दोन सूत्रं मोडली, तीही दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईनं.

होळीच्या सुमाराला कळलं. त्यांच्या मालकांना बरीच वर्षं साखर आहे. साखरेनं डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती. डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं की एका डोळ्याचं फारसं हाती लागणार नाही, दुसरा जपायचा. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्या माणसानं ‘एकदा तुला समुद्र दाखवतो’ म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षी कबूल केलं होतं. ताईंना वाटलं, यांना दिसतंय तोवर जाऊन यावं. हे सगळं त्या बैठकीत सांगू शकल्या नाहीत, कारण मी हसले होते.

जाता जाता एक सांगते. घरात कुणाला साखर असेल, तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या. नजर चांगली वाटत असली तरी घ्या. सुरुवातीला काही दुखत नाही, काही कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

उन्हाळ्यात ताईंनी पापड लाटायच्या मजुरीतून पैसे बाजूला ठेवले आणि दोघं जाऊन आली. मला म्हणाल्या, “ताई, यांना गेटवे दिसलं. मोठ्या बोटी दिसल्या. लहान बोटींवरची नावं मी वाचून दाखवली.” तक्रार अजिबात नव्हती. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. माझा नवरा शेजारी झोपला होता. मी विचार करत होते, हा माणूस मला शेवटचं काय बोलला? गॅस संपत आलाय. त्याच्या आधी? पोराची फी भरली का?

आमचं घर म्हणजे एक खोली आणि मोरी. त्यात सासूबाई, आम्ही दोघं, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी. मैत्रिणींनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणींचं घर असंच असेल. या घरात भांडायला जागा असते, बोलायला नसते. काही खाजगी बोलायचं तर कुजबुजावं लागतं, आणि कुजबुजलं की पोरं कान टवकारतात, सासूबाईंना वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. मग आपण बोलायचंच सोडून देतो.

तर आम्ही ठरवलं, महिन्यातला एक रविवार मुंबई. पहिल्या रविवारी काय झालं ते ऐका. गाडीत मी सवयीनं लेडीज डब्याकडे निघाले. हे म्हणाले, “अगं, आज इकडे.” चौदा वर्षांत आम्ही लोकलमध्ये शेजारी शेजारी बसलो नव्हतो. बसलो, आणि ठाण्यापर्यंत एक शब्द बोललो नाही. काय बोलावं तेच सुचेना. शेवटी मी विचारलं, “गॅसचा नंबर लावला का?” आणि त्यावरून कुर्ल्यापर्यंत भांडण. मला वाटलं, पैसेही गेले आणि रविवारही.

सीएसएमटीला उतरलो. रोज लाखो माणसं तिथून खाली मान घालून पळतात. रस्ता ओलांडून समोर उभे राहिलो आणि मान वर केली. १८८८ मध्ये बांधून झालेली इमारत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. म्हणजे त्या मलाक्काच्याही चार वर्षं आधी! भिंतींवर दगडात पानं, फुलं, पक्षी, प्राणी कोरलेत. त्यातलं बरंचसं काम आपल्या जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचं आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. आणि सगळ्यात उंच घुमटावर कोण उभं आहे, माहीत आहे? एक बाई. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. तिचं नाव ‘प्रगती’. तिच्या पायाखालून रोज किती बायका डबा घेऊन धावतात, पण वर कोण बघतं?

आम्ही तसेच उभे होतो, आणि हे एकदम म्हणाले, “लग्नाआधी दोन वर्षं मी इथे फोर्टात कुरिअरचं काम केलंय. समोरच्या कट्ट्यावर बसून डबा खायचो.” मी चाट पडले. चौदा वर्षं संसार केला आणि मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, “कधी बोलला नाहीत.” ते म्हणाले, “तू कधी इथे आली नाहीस.” मग त्यांनी मला त्यांच्या गल्ल्या दाखवल्या. कुठल्या इमारतीत लिफ्टवाला आत घ्यायचा, कुठे हाकलून द्यायचा. गॅस नंबर विसरून गेला.

दुसऱ्या खेपेला गेटवे. त्याची एक गंमत आहे. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी जोडीनं मुंबईत आले, त्या भेटीची आठवण म्हणून ही कमान बांधली. पण ते आले तेव्हा कमान नव्हतीच! त्यांना पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहून परत जावं लागलं. खरी कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढून गेली. म्हणजे राजा-राणीला जे बघायला मिळालं नाही, ते आपल्याला फुकट बघायला मिळतं.

तिथल्या कठड्यापाशी उभं असताना यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी महिनाभर पोटात ठेवली होती. कंपनीत ओव्हरटाइम बंद होणार होता, आणि काही माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. आम्ही त्याच महिन्यात हप्त्यावर गाडी घ्यायला निघालो होतो. मी फॉर्मसुद्धा आणला होता. मी विचारलं, “घरी का नाही सांगितलंत?” म्हणाले, “कुठे सांगू? आईसमोर? पोरांसमोर?” गाडी आम्ही घेतली नाही. पुढे खरंच ओव्हरटाइम बंद झाला. नोकरी राहिली. त्या दिवशी समुद्राकाठी उभे नसतो, तर आज दर महिन्याला हप्ता चुकला असता, आणि तुम्हाला परतफेड शिकवणारी तुमची ताई स्वतः थकबाकीत असती.

तिसऱ्यांदा ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट नि विद्यापीठाच्या दगडी इमारती, दुसऱ्या बाजूला पुढच्या काळातल्या गोल कोपऱ्यांच्या, रंगीत इमारती. हा सगळा परिसर आणि मरीन ड्राइव्हच्या तशाच इमारती २०१८ मध्ये वारसा यादीत गेल्या. मैदानावर पोरं क्रिकेट खेळत असतात. बसायला पैसे लागत नाहीत. समोर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, १८७८ चा. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं देणगी दिली आणि आईचं नाव दिलं. असं सांगतात की आईला दिसत नव्हतं, आणि सूर्यास्ताआधी जेवायचा तिचा नेम होता, म्हणून मुलानं घंटेचं घड्याळ बांधायला पैसे दिले. दर पाव तासानं ठोके पडतात. ते ठोके ऐकताना मला आमच्या गटातल्या त्या ताईंचे मालक आठवले.

चौथ्यांदा वाळकेश्वर. तिथे बाणगंगेचा तलाव आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, आजूबाजूला देवळं, आणि एवढ्या मोठ्या मुंबईत एकदम गावासारखी शांतता. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडं. त्या जागेचा इतिहास शिलाहार राजांच्या काळापर्यंत जातो असं सांगतात. शिलाहार म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अहो, आपलं अंबरनाथचं शिवमंदिर त्यांचंच! शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे सन १०६०. छित्तराजानं काम सुरू केलं, त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात पुरं झालं. साडेनऊशे वर्षांहून जुनं देऊळ आपल्या वालधुनीच्या काठावर उभं आहे, आणि आपण तिथे महाशिवरात्रीला रांगेत उभं राहून, धक्के खाऊन, भिंतीकडे न बघता परत येतो. पाचवा रविवार आम्ही तिथेच घालवला. रिक्षाचे पैसे तेवढे लागले. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघत सावकाश एक फेरी मारली, मग पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलो.

तेव्हा खर्चाचं म्हणाल, तर ऐका. लोकलचं दोघांचं जाऊन-येऊन भाडं शंभर रुपयांच्या आत बसतं. डबा घरचा, पाण्याची बाटली घरची. तिथे दोन वडापाव, दोन चहा. मैदान, किनारा, कट्टा सगळं फुकट. म्युझियमला जायचं असेल तर तिकीट आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी बघून ठेवा. आम्ही सकाळी लवकर जातो आणि ब्लॉक संपल्यावर, पाचनंतर परत निघतो. आणि बायकांसाठी महत्त्वाचं म्हणजे, स्टेशनवरच बाथरूमला जाऊन घ्या. पुढे सोय मिळेलच असं नाही.

आमचा संसार यानं एकदम गोडीगुलाबीचा झाला, असं मी सांगणार नाही. भांडणं होतात. दोन रविवार ओव्हरटाइममुळे नाही, तर पोरीच्या तापामुळे हुकले. शेजारी बोललेही, “या वयात काय सुचतंय.” सासूबाई पहिले दोन महिने रागावलेल्या होत्या. मग मला कळलं, त्यांचा राग जाण्यावर नव्हता. त्या म्हणाल्या, “तुझे सासरे असताना आम्हाला कुणी म्हटलंच नाही गं, जा म्हणून.” आता एक रविवार आम्ही त्यांना आणि मुलांना घेऊन जातो. तो वेगळा. दोघांचा रविवार वेगळा.

आणि ज्या मैत्रिणींचे मालक हयात नाहीत, किंवा जे कितीही सांगितलं तरी येणार नाहीत, त्यांनी मन खट्टू करू नये. बहिणीबरोबर जा, मैत्रिणीबरोबर जा. आमच्या दोन विधवा ताई जोडीनं जाऊन आल्या. गोष्ट आहे ती मोकळ्या जागेत, घाई नसलेल्या माणसाबरोबर चार तास बसण्याची.

शेवटी गटाचं सांगते. मी झाला प्रकार बैठकीत मांडला आणि माझी चूक कबूल केली. चर्चा झाली, जोरात झाली. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की फिरायला कर्ज द्यायचं नाहीच, कारण मौजेवर व्याज चढू नये. म्हणजे नियम तोच राहिला. पण या वेळी तो गटानं ठरवला, माझ्या हसण्यानं नाही. आणि एक डबा वेगळा सुरू केला. जिला वाटेल तिनं आठवड्याला दहा रुपये टाकायचे. गटाच्या बचतीशी त्याचा संबंध नाही. हिशोब वेगळ्या वहीत. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिनं जायचं. पहिल्या महिन्यात मात्र चिठ्ठी काढलीच नाही. सगळ्यांनी एकमतानं त्या ताईंचं नाव सांगितलं.

मी वही उघडली. सवयीनं विचारलं, “कारण काय लिहू?” ताई म्हणाल्या, “लिहा, ओव्हल मैदान. यांना ती घंटा ऐकवायचीय.” मी लिहिलं. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी कुणी विचारलंच, कुठे निघालात, तर बिनधास्त सांगा, असंच जाऊन येतो. पुन्हा भेटू. नमस्कार.